साडूंचा रुपया

स्वतःच्या नाण्याशी आमच्या साडूंइतका प्रामाणिक माणूस अख्ख्या बंगळुरात दुसरा सापडणार नाही. मसाला डोसा की सेट डोसा, राजाजीनगरला घरी जायचं ते पहिल्या बसने की दुसऱ्या, सगळं ते रुपया उडवून ठरवत आणि पडेल ते निमूट पाळत. एकदा छापा पडला म्हणून ऐन एप्रिलात एका लग्नाला स्वेटर घालून आले आणि पंगत उठेपर्यंत घाम पुसत बसले. पुन्हा उडवा की, असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "पुन्हाच उडवायचं तर पहिल्यांदा कशाला उडवायचं?"

नव्वदीच्या दशकात मी पुण्याहून बंगळुरात आलो तो त्यांच्याच शब्दावर, जे. पी. नगरातल्या त्यांच्याच ऑफिसात. एका वाचनालयाच्या सभासदांची नावं झटकन शोधून देणारा प्रोग्रॅम ते लिहीत होते, स्किप लिस्ट वापरून. ती त्यांनी मला बसस्टॉपवरच समजावली. नावं म्हणजे ओळीने लावलेले थांबे. साधी बस प्रत्येक थांब्यावर थांबते, जलद बस मोजक्याच थांब्यांवर. आधी जलद बसने लांब जायचं, आपला थांबा मागे पडणार असं दिसलं की साधी पकडायची. मी विचारलं, जलद बस कुठे थांबवायची हे कोण ठरवणार? "नाणं, पुणेकर. प्रोग्रॅमच दर नावाला नाणं उडवणार, छापा पडला तर जलद थांबा. स्वल्प विश्वास ठेवा."

मला हसू आलं. चाचणीच्या आदल्या दिवशी ते जेवायला गेले असताना मी प्रोग्रॅममधली त्यांची नाण्याची ओळ काढली आणि माझी नीटनेटकी शिस्त घातली: येणाऱ्या दर दुसऱ्या नावाला जलद थांबा. वाचनालयात मात्र खिडक्या दोन, एकीवर ए ते एम, दुसरीवर एन ते झेड, आणि नावं भरणाऱ्या बाई एक अर्ज इकडचा, एक तिकडचा असे घेत. माझे सगळे जलद थांबे दुसऱ्या खिडकीला गेले, पहिलीला एकही नाही. साहेबांसमोर एक कुलकर्णी शोधायला घेतला, तर ते जुनं यंत्र हजारो नावांतून एकेक थांबा घेत रांगत राहिलं.

नाणी उडवून कुठे प्रोग्रॅम होतात का, असं साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. साडू मान खाली घालून ऐकत होते आणि मी शेजारी उभा राहून पंख्याकडे बघत होतो. पुढचं काम साहेबांनी त्यांच्याकडून काढून मला दिलं. मी ते घेतलं, वर थँक यूही म्हणालो. दुसऱ्या दिवशी नाण्याची ओळ परत जागेवर आलेली दिसली. साडू एवढंच म्हणाले, "सरी, ठीक आहे, आता पळतंय."

परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. ते पान आणायला खाली उतरले, आणि अक्का, म्हणजे माझी मेहुणी, सहज बोलून गेली. त्या काळात एका संध्याकाळी ते बूट न काढताच दारात उभे राहिले, छापा पडला तर साहेबांना सांगायचं असं पुटपुटले आणि रुपया उडवला.

"छापाच पडला, भाऊजी. मग परत उडवला. काटा पडेपर्यंत उडवत राहिले. जन्मात तेवढं एकदाच. काय सांगायचं होतं, तुम्हाला काही ठाऊक आहे?"

मी म्हणालो, नाही.