णमस्कार

"णमस्कार! णळाला पाणी येणार णाही. णियोजण करावे ही विणंती."

सोसायटीच्या सेक्रेटरीनं माझी नोटीस कमिटीपुढं मोठ्यानं वाचली. नाटकात वाचतात तशी. वसई पूर्वेच्या त्या सोसायटीत मी ऑफिसात कामाला होते. मला कायम करायचं की नाही, ते त्याच मीटिंगमध्ये ठरणार होतं. सगळे हसले. एक बाई तर डोळे पुसायला लागल्या. मी दाराशी उभी. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बस कुणी म्हटलं नाही.

हे झालं कसं, सांगते. आमचं गाव कामणच्या बाजूला. भात लावणारी माणसं. आम्ही पानी म्हणतो, लोनी म्हणतो, कोन आला विचारतो. मी बोलते तसं टाईप करायचे. पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरी म्हणाला, "चुकलं तर कॉम्प्युटरला अन्डू आहे. तुझ्या जिभेला अन्डू कुठून आणायचं गं?" ऑफिसात चहा पीत बसलेल्यांनी त्याला टाळी दिली.

तेव्हापासून न हे अक्षर दिसलं की ते चुकलंच असं वाटायचं. वर्डमध्ये काय कुठं आहे, कुणी दाखवलं नाही. विचारलं तर सेक्रेटरी म्हणे, "मेनू म्हणजे वडापावच्या गाडीवरचा बोर्ड नव्हे." हो का? मग मीच शोधलं. वरच्या पट्टीतल्या एकेका चित्रावर बाण नेऊन थांबायचं, की त्याचं नाव दिसतं. असं करत करत पार उजव्या टोकाला रिप्लेस सापडलं, एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारं. वाटलं, सुटले एकदाची! वरच्या चौकटीत न, खालच्या चौकटीत ण. रिप्लेस ऑल. नोटिशीतले सगळे न गेले. जे बरोबर होते तेसुद्धा गेले. भीतीपायी माणूस स्वतःच्या हातानं काय काय पुसतो! मी वाचून पाहिलं, आणि मला ते शुद्ध वाटलं.

हसून झाल्यावर सेक्रेटरी म्हणाला, "चल, सगळ्यांसमोर नीट म्हण. पाणी. म्हटलंस तर नोकरी पक्की."

म्हणता येत होतं मला. आरशासमोर घोकून जमवलं होतं. तोंड उघडलं आणि आय डोळ्यासमोर आली. बांधावरून हाक मारणारी, "पानी आन गं." ती काय जन्मभर चुकत होती? माझ्या डोक्यात सणक गेली.

"पानी," मी म्हटलं.

"परत."

"पानी. माजी आय पानीच म्हनते. हसायचं तर हसा. मी काय पोपट नाय."

कुणी हसलं नाही. नोकरी त्याच दिवशी गेली. रडले मी, खोटं कशाला सांगू.

आता मला ण लिहिता येतो. बघा, इथं एक तरी चुकलाय का? अर्जात, नोटिशीत, जिथं पोट आहे तिथं तुमच्या नियमानं लिहीन. जीभ मात्र भाड्यानं देणार नाही. कुठंही मुलाखतीला गेले की बसल्या बसल्या आधी पानी मागते. समोरचा हसला, तर मी उठते.