फटकाकांची खिडकी

फटकाकांना वारा दिसायचा. पेटलेली उदबत्ती खिडकीच्या चौकटीवरून ते हळूहळू फिरवत न्यायचे आणि धूर जिथे वाकेल तिथे पेन्सिलीने फुली मारायचे. दसरा उलटला, की दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीच्या आठ-दहा मराठी घरांत त्यांची ही फेरी सुरू व्हायची. "तुमचा हीटर खोली तापवत नाहीये, सगळी द्वारका तापवतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचं नाव पोरांनी पाडलं होतं. दिल्लीत वाढलेल्या आमच्या मुलांना 'गॅप' कळायचं, 'फट' कळायचं नाही. आणि हिंदीतल्या 'फट गई'च्या, म्हणजे घाबरगुंडीच्या, सवयीने त्यांना त्या शब्दाचं हसू यायचं. काकांना हे ठाऊक होतं. इंटरकॉमवर ते स्वतःच "फटकाका बोलतोय" म्हणायचे.

त्यांची सारी नोकरी सरकारी इमारतींच्या देखभालीत गेली होती. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये त्यांनी वीसेक हिवाळे काढले होते. "तिथे दाराखालून मांजराचं पिल्लू आत यायचं. थंडी काय त्याच्याहून जाड असते?" असं ते सांगायचे. निवृत्तीनंतर ते कुठे फिरायला गेले नाहीत की भजनी मंडळात रमले नाहीत. पाठीला एक जुनी शाळेची बॅग अडकवून लोकांच्या दारांखाली फोमच्या पट्ट्या चिकटवत राहिले.

माझा नवरा सुनील ऑगस्टमध्ये गेला. ऑफिसातच, बसल्या खुर्चीत. त्यानंतर माणसं आली, खूप बोलली, गेली. मी सगळ्यांना चहा विचारत होते. रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं. फटकाका तेराव्याला आले, दाराजवळच्या खुर्चीत अर्धा तास बसले आणि एक अक्षर न बोलता उठून गेले.

ऑक्टोबरमध्ये ते बॅग घेऊन आले. "खिडक्या बघतो," म्हणाले. मी नाही म्हणाले असते, पण नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं. त्यांनी माझ्या हातात पट्टीचं एक टोक दिलं आणि धरायला सांगितलं. मी धरलं. दुपारभर मी काही ना काही धरून उभी होते. हॉलच्या खिडकीतला कूलर आम्ही दोघांनी मिळून आत ओढला आणि त्याच्या जागी जाड प्लास्टिक ठोकलं. माझी मुलगी रेवा, तेव्हा नववीत होती, शाळेतून आली तशी "अच्छा, मैं भी करूँ?" म्हणत स्टुलावर चढली. त्या घरात दोन महिन्यांनी कोणीतरी मोठ्याने बोललं होतं.

बाथरूमच्या वरच्या झरोक्यालाही प्लास्टिक लावा, असं मी म्हणाले, तेव्हा मात्र ते थांबले. आमचा गीझर गॅसचा होता; झरोका बंद केला तर आत माणूस गुदमरू शकतो.

"हे बंद करायचं नाही," ते म्हणाले. "कोणी सांगितलं तरी नाही. घर गार राहिलेलं चालेल."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले, झरोका उघडा आहे ना ते पाहिलं आणि चहा न घेता गेले.

मग रोज दुपारी चार वाजता इंटरकॉम वाजायला लागला. दक्षिणेचं ऊन अकरापासून आत घ्यायचं आणि चारला पडदे ओढून कोंडून ठेवायचं, असा त्यांचा नियम. "पडदे?" एवढंच ते विचारत. मी "ओढले" म्हणायचे, ते ठेवून द्यायचे. मी घरूनच काम करत होते. कित्येक दिवस रेवाखेरीज मी ज्यांच्याशी बोलले ते फक्त फटकाका.

जानेवारीत तिळगूळ द्यायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा थक्क झाले. सबंध सोसायटीत इतकं गार घर नसेल. हॉलची खिडकी पूर्ण उघडी, धुकं आत, आणि काका कानटोपी, मफलर, दोन स्वेटर घालून पेपर वाचत बसलेले. काकू खिडकीशी पलंगावर रजईत होत्या. त्यांच्या फुप्फुसांचं दुखणं जुनं होतं, तावदान बंद झालं की त्या घाबऱ्या व्हायच्या. दिल्लीभर धूर साचतो त्या दिवसांत डॉक्टर खिडकी बंद ठेवा म्हणायचे, काकू ती उघडा म्हणायच्या.

"तिला बंद खोलीत जीव कोंडल्यासारखा होतो," काका हळूच म्हणाले. "मग आपण एक स्वेटर जास्त घालायचा." काकूंनी रजईतून हात काढून तिळगूळ घेतला आणि "हे तुझ्याकडे तरी धड काम करतात ना?" असं विचारलं.

पुढच्या डिसेंबरात काकू गेल्या. त्यांचं दुखणं आधीच वाढल्याने त्या वर्षी काकांची फेरी कोणाकडेच झाली नव्हती. चारचा इंटरकॉमही बंद पडला. मार्चमध्ये मुलगा त्यांना हैदराबादला घेऊन गेला. तिथे म्हणे पंखा बारा महिने लागतो. ते टॅक्सीत बसताना सगळी सोसायटी खाली आली होती, त्यामुळे नीट निरोप असा झालाच नाही. माझा निरोप त्याआधी, जानेवारीतल्या एका दुपारी झाला होता.

मी डबा घेऊन गेले होते. पलंगावरची गादी गुंडाळलेली होती आणि खिडकी तशीच सताड उघडी. काका तिच्यासमोर बसले होते. मी शेजारी बसले. काय बोलायचं ते मला सुचेना, आणि त्यांनी तेराव्याला तो अर्धा तास कसा काढला असेल ते कळलं. शेवटी तेच म्हणाले, "लोक सांगतात, आता बंद करा. लोकांच्या सांगण्यावरून कशी करू?"

माझे हात गारठले होते. पाय, कान, नाकाचा शेंडा, सगळं दुखत होतं. दीड वर्षात मला माझं अंग असं जाणवलं नव्हतं.

"काका, मला थंडी वाजतेय," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले. रुळात धूळ बसली होती, तावदान हलेना. त्यांनी दोन्ही हात लावून, जोर करून ते ओढलं आणि कडी घातली. स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि माझं रडून होईपर्यंत शेजारी बसून राहिले.