श्वास न मोजता

पीएच.डी.च्या फॉर्ममध्ये विषयाचा रकाना होता. तिथे मी हौसेने लिहून बसले, की नर्सेस रुग्णाचा श्वास न मोजताच चार्टवर आकडा का लिहितात. लिहिताना स्वतःला मोठी धीट समजत होते. मग मुलाखतीचं पत्र आलं. अगं बाई, मलाच विचारलं तर?

आज मी धारवाडच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. घड्याळ हातात धरा, पूर्ण एक मिनिट छातीकडे बघा, म्हणून मुलींवर ओरडते. पण त्याआधी नऊ वर्षं हुबळीच्या एका हॉस्पिटलात वॉर्डात होते. तीस खाटा आणि आम्ही दोघी. दुपारी दोनला ड्यूटी बदलायची, त्याच्या आत सगळे चार्ट भरलेले हवेत. ताप बघायचो, नाडी बघायचो. श्वासासाठी मिनिट कुठून आणणार? सगळ्यांचा श्वास वीस. तरण्याचा वीस, म्हाताऱ्याचा वीस. हसायचोसुद्धा आम्ही त्यावर, खोटं कशाला बोलू.

अशाच एका दुपारी अळणावरकडचा एक माणूस होता. धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात माल चढवायचा. हर्नियाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. त्याची बायको दोनदा माझ्याकडे आली. "अक्का, यांना दम लागतोय वो, जरा बघा की." उकडतंय म्हणून असेल, पंखा वाढवा, असं मी सांगितलं, चार्टवर वीस लिहिलं आणि पर्स उचलून घरी गेले. दुसऱ्या दिवशी खाट रिकामी. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून तो संध्याकाळीच गेला होता. मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. चार्ट चोख होता ना!

हे मी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. तो वकील. पत्र आल्यावर म्हणाला, "विचारतील तेवढंच बोल. आणि हे विचारलंच तर म्हणायचं, इतरांच्या बाबतीत पाहिलंय. कबूल केलंस तर नोकरीवर येईल, रजिस्ट्रेशनवर येईल."

"अहो, म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं नव्हे गं. कमी बोल."

कमी बोल, आणि हे मला! तरी आठ दिवस पोळ्या लाटताना मी 'इतरांच्या बाबतीत पाहिलंय' हेच वाक्य घोकत होते. मुलाखतीच्या दिवशी बस वाटेत रायापूरला थांबली, तेव्हा उतरून सरळ घरी जावं असं वाटलं. उठलेही. शेजारी उभ्या बाईला वाटलं मी तिला जागा देतेय. ती बसली पटकन, वर "छान झालं अक्का" म्हणाली. पुढचा प्रवास मग उभ्यानेच झाला.

समोर तिघं होते. दोघा सरांनी किती रुग्ण घेणार, आकडेवारी कशी करणार, असलं विचारलं. ते पाठ होतं. मधल्या पिकल्या केसांच्या मॅडम इतका वेळ माझा अर्जच वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही स्वतः कधी न मोजता लिहिलंय?"

वाक्य अगदी जिभेवर होतं हो! पण तोंडातून निघालं भलतंच. "लिहिलंय, मॅडम," मी म्हणाले, आणि मग मला थांबताच येईना. ती बायको, तो पंखा, रिकामी खाट, सगळं सांगून टाकलं. एका सरांनी पेन खाली ठेवलं. गेली नोकरी, मला वाटलं.

मॅडमनी विचारलं, "त्या दिवशी मोजला असता, तर तो वाचला असता?"

"माहीत नाही."

"तेच शोधायचंय का?"

"भीती वाटते, मॅडम. उत्तर 'हो' आलं तर मी काय करू?"

पंधरा दिवसांनी यादी लागली, तीत माझं नाव होतं. नोकरीही गेली नाही. त्याच मॅडम माझ्या गाईड झाल्या. म्हणाल्या, दगावलेल्या रुग्णांचे शेवटच्या दिवसाचे चार्ट काढा, तुमच्या जुन्या वॉर्डापासूनच सुरुवात करा.

परवानगी मिळाली आणि परवा मी तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसले. कारकुनाने पहिला गठ्ठा समोर ठेवला. त्या हर्नियाच्या माणसासाठी मनाची तयारी करूनच गेले होते. त्याचा चार्ट सापडेल, आपण रडू, मग कामाला लागू. गठ्ठ्यात अकरा चार्ट निघाले. श्वासाच्या रकान्यात अकराही जणांचा आकडा एकच. पान उलटताना अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघितलं. चार चार्टांवर माझी सही होती. मला आयुष्यभर एकच माणूस आठवत होता.