तीन रंगीत कागद आणि बायको

निवृत्त माणसाला मोकळं सोडणं धोक्याचं असतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवली, म्हणजे बहुतेक वेळ गैरहजर सरांच्या तासाला पोरं गप्प बसवली. उमरखेडला घर बांधून निवृत्त झालो आणि चार महिन्यांत फोटोग्राफीचा झटका आला. तोही साधासुधा नाही. कॅमेरा कृष्णधवलवर ठेवायचा आणि एकच दृश्य तीनदा टिपायचं: एकदा भिंगापुढे पारदर्शक लाल कागद धरून, एकदा हिरवा, एकदा निळा. मग तिन्ही काळे-पांढरे फोटो कंप्युटरवर आपापल्या रंगात एकमेकांवर चढवले, की खरे रंग उमटतात. कागद शाळेच्या गॅदरिंगच्या लाइटांचे होते. ते माझ्या घरी कसे आले, हे विचारू नका.

"रंगीत कॅमेरा काळा-पांढरा करता," बायको म्हणाली, "मंग त्याले पुन्हा रंगीत करता. कायले जी?"

"तुले कला समजत नाही," मी म्हणालो. हे उत्तर मी लग्नापासून देत आलोय. दुसऱ्याची गरज पडली नाही.

फोटो मात्र तिला मनापासून हवा होता. आमचे अल्बम पाहिले तर मी विधुर वाटतो. मुलीच्या लग्नात फोटोच्या वेळी ती कोठीत होती, वास्तूच्या दिवशी स्वयंपाकघरात. एका फोटोत तिचा कोपर आहे. आता मुलीनं नागपूरहून कळवलं होतं, 'आईचा एकटीचा फोटो पाठवा, हॉलमध्ये लावायचा आहे.' बायकोनं स्वतः निवडून घेतलेली साडी काढली. अर्धवट पिकलेल्या जांभळाचा रंग. मोबाइलमध्ये ती दरवेळी निळीच यायची, आणि मुलगीही निळीच म्हणायची, त्यामुळे ही चिडलेली. माझ्या कलेला अखेर काम मिळालं.

अंगणात जड सागवानी खुर्ची मांडली. "हलायचं नाही. श्वासही बेतानं घे," मी बजावलं. लाल झाला. मग म्हणालो, "टेबलावरचा हिरवा कागद दे जरा." तिनं दिला. हिरवा झाला. निळ्यावर बोटांचे डाग होते, म्हणून फडकं मागवलं. ती उठलीच होती, तर चहाही टाकायला सांगितला. दरवेळी ती येऊन बसली, पण पुन्हा तस्संच बसणं कोणाला जमतं?

कंप्युटरवर तुळस हुबेहूब आली. खुर्चीची रेघन् रेघ आली. खुर्चीत तीन आरपार बाया एकमेकींत बसलेल्या, तिघी तीन रंगांच्या. मी तिच्यावरच खेकसलो, "एक मिनिट एका जागी बसता येत नाही तुले?" निवृत्त सरांच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर सगळ्यांनी तो फार खोल अर्थाचा ठरवला. एकानं स्त्रीशक्ती म्हटलं. मी आभार मानले.

तिनं चष्मा लावून फोटो नीट पाहिला.

"खुर्ची मस्त आली," ती म्हणाली. "तिले कोणी काही मांगत नाही."

कला समजत नाही, हे आता म्हणता येईना. खरं सांगतो, लाज वाटली, आणि ती लपवायला मी तिन्ही कागद पुन्हा पुन्हा पुसले.

रविवारी परत खुर्ची मांडली. या वेळी सगळं माझ्या हाताशी. लाल झाला. हिरवा झाला. तेवढ्यात आतून दुधाचा वास आला. गॅसवर ठेवलेलं दूध मी पार विसरलो होतो. सवयीनं तोंड उघडलं, "अवं, दूध..."

ती हलली नाही. मानही वळवली नाही.

"जाऊ द्या उतू," ती म्हणाली. "तुम्ही निळा लावा."

दूध चरचरत शेगडीवर सांडत होतं. मी निळा लावला.

साडी जांभळाच्याच रंगाची आली. आणि तिचा चेहरा असा, की घरात काहीतरी करपतंय आणि तिचं काही अडलेलं नाही. शेगडी मी घासली. ती अंगणातल्या खुर्चीतूनच, न बघता सांगत होती, "बर्नरच्या खाली राह्यलं जी."