कार्डाची मागची बाजू

ऑफिसात मला सगळे कार्डवाली म्हणतात. माझ्या पर्समध्ये तळहाताएवढी एक वही असते. तिला शिवण नाही, तार नाही. एका कडेला प्लास्टिकच्या चकत्या आणि त्यांत खाचांनी अडकवलेली जाड कार्डं. कुठलंही कार्ड ओढून काढावं, हवं तिथे दाबून बसवावं. माझे नियम कडक. एका कार्डावर एकच काम, तेही पुढच्याच बाजूला. झालं की कार्ड फाडायचं, नाही झालं तर सगळ्यात मागे सरकवायचं. मयूर विहार ते गुरुग्राम मेट्रोत बसून मी हे करायचे आणि स्वतःवर भलती खूश असायचे.

बाबा गेल्यावर आईला मी पुण्याहून इकडे आणलं. पुण्यात ती बसने एकटी गावभर हिंडायची. इथे दिवसभर फ्लॅटमध्ये, भाजीवाल्याशी मोडकंतोडकं हिंदी बोलायची तेवढंच. मग तिला कुणीतरी सांगितलं, लक्ष्मीबाई नगरात दर बुधवारी मराठी बायका जमतात. झालं, तिने धोशा लावला, मला एकदा मेट्रो शिकव, मग माझी मी जाईन. कॅब करून देते म्हटलं तर नको. तिला कुणी पोचवायला नकोच होतं.

"वहीत लिही, म्हणजे होईल," ती म्हणाली. मी तिच्यासमोर लिहिलं, 'आईला मेट्रो शिकवणे'.

लक्ष्मीबाई नगरासाठी आयएनएला उतरायचं, आमच्यापासून अवघं सहावं स्टेशन, गाडीसुद्धा बदलायची नाही. एका रविवारचं काम. पण रविवारी माझी पाठ दुखायची, कधी पाहुणे, कधी सोमवारचं प्रेझेंटेशन. खोटं कशाला बोलू, मला कंटाळा यायचा. आठवडाभर मेट्रो, वर रविवारीही मेट्रो. दर वेळी मी ते कार्ड मागे सरकवलं. वर्षभर.

"तुझ्या त्या पत्त्यांच्या जोडात माझा नंबर कधी लागणार गं?" एकदा तिने हसत विचारलं. पुढच्या रविवारी नक्की, असं मी म्हणाले. लॅपटॉपवरून मान वर न करता.

डिसेंबरात तिला न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ती गेली.

सुट्टी संपवून कामावर निघाले त्या सकाळी, प्लॅटफॉर्मवर वही उघडली तर एक कार्ड आपोआप निसटून खाली पडलं. इतक्यांदा काढून बसवून त्याच्या खाचा पार फाटल्या होत्या. पालथं पडलं होतं. मागे पेन्सिलने आईचं अक्षर. निजामुद्दीन, आश्रम, विनोबापुरी, लाजपत नगर, साउथ एक्स्टेंशन, आयएनए. कुणाकुणाला विचारून तिने एकेक नाव लिहिलं असणार. खाली एक ओळ होती, 'पाठ झालं. आता फक्त एकदा सोबत हवी.'

कधी लिहिलं कोण जाणे. मागची बाजू कोरीच असते म्हणून मी ती कधी पाहिलीच नव्हती.

मी तिथेच बाकावर बसले आणि लोकांदेखत रडले. ऑफिसला उशीर झाला. समोरून गाड्या जात राहिल्या, आणि त्यातली प्रत्येक गाडी आयएनएला थांबणार होती.