मयताचा सांगावा

"खाली बस. तुझ्या बापाला 'वुड' लागत नाही."

मास्तर बोलले आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मी आठवीत होतो, रेवदंड्याच्या अलीकडच्या एका गावात. जे पूर्वी नेहमी घडायचं आणि आता घडत नाही, ते इंग्रजीत 'वुड' लावून सांगतात, असं मास्तर शिकवत होते. ज्यानं त्यानं आपल्या घरचं सांगायचं. खोताचा पोरगा म्हणाला, आजोबा झोपाळ्यावर बसून गोष्टी सांगायचे. त्याला शाब्बासकी. मी उठून जुळवलं, माझा बाप मयताचा सांगावा घेऊन गावोगाव जायचा.

"जायचा कुठला? अजून जातो की. परवा माझ्याच अंगणाबाहेर उभा होता."

खरंच होतं. वरच्या आळीत कुणी मेलं की सोयऱ्यांना कळवायला महारानं पायी जायचं, ही रीत. अंगणाबाहेरनंच ओरडून सांगायचं. आत रडारड सुरू झाली की ह्याला पाणी कोण विचारतंय? झालंच तर शिळी भाकर, तीही वरून टाकलेली. हे काम आता कुणी करायचं नाही, असं वस्तीनं ठरवलं होतं. मला वाटलं, ठरलं म्हणजे संपलं. पण आमचं खोपट खोताच्या जागेत.

त्याच आठवड्यात खोताची आई गेली. त्याचा गडी दारात आला. बाबा तापानं फणफणत पडलेला.

"ऊठ रं. थळच्या लेकीला सांगावा न्यायचा हाय."

मी म्हटलं, "त्याला ताप हाय. तो येणार न्हाय."

"मंग तू चल. न्हायतर खोपट उचला."

बाबा भिंतीला धरून उठला. काठी घेतली. मला म्हणाला, "तू शालंत जा." थळ काय जवळ आहे? मी नुसता बघत राहिलो. काय करणार होतो? रागानं रडू आलं, तेही कुणाला दिसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतला तो सुजलेले पाय घेऊन. त्यानंतर अंथरूण सुटलंच नाही.

पुढच्या मयताला गडी परत आला. माझ्यासाठी. मी दारात आडवा उभा राहिलो.

"तुमच्या मयताची बातमी तुमी न्या."

चार दिवसांत खोपट मोडलं त्यांनी. आजारी बापाला पाठीवर घेऊन मी बाहेर पडलो. जाऊ दे खोपट. माझ्या घरातनं सांगावा निघणार नाही. माझ्या पोरांच्या घरातनंही नाही.