बोर्डावरची दोन माणसं

गेली कित्येक वर्षं मी जिल्ह्यातल्या अकरा भिंतींवर बसलेली होते. पिवळ्या पाटीवर, निळ्या रंगात, दोन वेण्या घालून. माझे केस आता खांद्यापर्यंतही पोचत नाहीत आणि जे उरलेत ते मेंदीने लाल झालेत. पण जिथे जिथे ‘अपंगांसाठी’ असं लिहिलेलं होतं, तिथे तिथे मी दहा वर्षांचीच राहिले. हाताने पेडल फिरवायची ती तीनचाकी सायकल, तिच्यावर मी, आणि मागे हाफपँटमधला एक मुलगा, दोन्ही हात टेकवून सायकल ढकलणारा. तो मुलगा म्हणजे माझा दादा. पाट्याही त्यानेच रंगवलेल्या.

दादा देवळीत पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, लग्नघराच्या दारावरची नावं, सगळं तो करतो. फ्लेक्स आल्यावर त्याचं काम निम्म्याने गेलं, पण सरकारी भिंती अजून त्याच्याकडेच येतात. त्या पाट्यांचं काम पहिल्यांदा आलं तेव्हा कार्यालयाने नमुना म्हणून एक झेरॉक्स दिली होती. झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिची पुन्हा झेरॉक्स. त्यावर एक काळा डाग तेवढा दिसत होता. दादाने जाऊन विचारलं की हे नेमकं काय काढायचं? साहेब म्हणाले, अपंगाचं चित्र काढा, त्यात काय एवढं! दादाच्या ओळखीत अपंग एकच होती. त्याने मला काढलं.

चाकाची खुर्ची आमच्याकडे तेव्हा फक्त दवाखान्यात दिसायची आणि तिच्यात बसलेला माणूस आजारी असायचा. शाळेत, बाजारात, लग्नाला जाणारा माणूस तीनचाकीवर बसायचा. त्यामुळे दादाचं चित्र कोणालाच चुकीचं वाटलं नाही. साहेबांनीही मान डोलावून सही केली. मी मात्र पहिली पाटी पाहिली तेव्हाच विचारलं होतं, “दादा, मागचा माणूस काऊन काढला?”

“मंग सायकल काय आपोआप चालते?” तो म्हणाला.

त्याचंही खरं होतं. पावसाळ्यात आमच्या शाळेच्या रस्त्यावरची काळी माती चाकांना अशी चिकटायची की मी पेडल फिरवून फिरवून रडकुंडीला यायची. पाच वर्षं त्याने मला त्या रस्त्याने ढकललं. त्याचे वर्गमित्र पुढे पळत जायचे आणि हा चिखलात चप्पल हातात घेऊन माझ्या मागे. संध्याकाळी उरलेल्या रंगात ब्रश बुडवून तो गोठ्याच्या भिंतीवर मला अक्षरं गिरवायला लावायचा. मी शाळेत शिकले ते गणित आणि इतिहास. अक्षर माझं गोठ्यात घडलं. हे सगळं मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

पण खरं सांगायचं तर दादाची एक खोड मला लहानपणापासून डोक्यात जायची. ढकलायच्या आधी तो कधी विचारायचा नाही. देवळीच्या बाजारात मी पेरूवालीशी घासाघीस करत असायची, अर्ध्या वाक्यात असायची, आणि अचानक पेरू मागे जायला लागायचे. दादाला वाटलेलं असायचं की आता निघावं. लग्नात मी कोणाशी हसत बोलत असेन, तर हा मला पंगतीत नेऊन बसवायचा. मी ओरडले की म्हणायचा, “तुहा हात दुखन म्हनून ढकललं वं.” आता अशा माणसावर किती चिडणार? मी चिडायची, आणि तो पुढच्या वेळी पुन्हा ढकलायचा. असं करत करत आमची पन्नाशी आली.

भिंतीवर असण्याचे फायदेही होते. एकदा केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेले असताना प्रसादाच्या दुकानातल्या बाई मला बराच वेळ न्याहाळत होत्या. “तुमाले कुठंतरी पाह्यलं हो मी,” त्या म्हणाल्या. “टीव्हीत येता का तुमी?” मी म्हटलं, “नाही हो, भिंतीवर असते.” आणि रस्त्यापलीकडची पाटी दाखवली. त्यांनी नारळाबरोबर दोन पेढे जास्त दिले.

मी नोकरीला लागले, बोरगाव मेघेत राहायला आले, तीनचाकी जाऊन चाकाची खुर्ची आली. ती घडी करून ऑटोत मावते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा असणारा ऑटोवाला ती आता डोळे मिटूनही उघडू शकेल. कारकुनाची नोकरी, स्वतःचा दोन खोल्यांचा संसार, गॅलरीत तुळस आणि मिरचीची कुंडी. मी एकटी राहते आणि मला ते आवडतं.

तर मागच्या वर्षी मी एका कार्यालयात कामाला गेले. कार्यालयाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं चांगली आहेत. दाराशी उतार होता आणि उताराशेजारी दादाची पाटी. मी दोन वेण्यांकडे बघून मनात हसले आणि खुर्ची उतारावर घेतली, तर चौकीदार आडवा आला. नवीनच लागलेला असावा. अतिशय नम्र.

“म्याडम, एकट्याच आल्या का?”

“हो.”

“मांगून ढकलणारं कोणी नाई?”

“नाही. मी जाते माझी.”

“तसं जमत नाई म्याडम,” त्याने पाटीकडे बोट केलं. “बोर्डावर पाहा ना. दोन माणसं हायेत. मांगं माणूस असल्याबिगर इथून सोडता येत नाई. पडल्या बिडल्या त माह्यावर येईन.”

मी त्याला समजावलं. मी त्याला दरडावलं. मी त्याला हेही सांगितलं की ही बोर्डावरची मुलगी मीच आहे. त्यावर त्याने एकदा पाटीकडे, एकदा माझ्या मेंदीच्या केसांकडे पाहिलं आणि मला बिस्लरीची बाटली आणून दिली, बहुधा ऊन लागलं असावं म्हणून. शेवटी तो आतून एका शिपायाला बोलावून आणायला गेला. शिपाई जेवत होता. चित्र पूर्ण व्हावं म्हणून मी त्या उन्हात अर्धा तास थांबले. मग शिपाई आला, हात पुसत पुसत माझ्या मागे उभा राहिला, आणि चौकीदाराने आम्हा दोघांना सन्मानाने आत सोडलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आधी चहाही ठेवला नाही. कागद घेतला आणि अर्ज लिहिला. लिहिलं की ही पाटी बदला. चित्रातला माणूस स्वतःची चाकं स्वतः फिरवताना दाखवा, मागे कोणी नको. आणि शब्दही बदला. शब्दांचं म्हणाल तर माझे पाय तेच राहिले आणि नावं बदलत गेली. गावात ‘लंगडी’, दाखल्यावर ‘अपंग’, नागपूरकडच्या हिंदी कागदांवर ‘विकलांग’ आणि आता ‘दिव्यांग’. माझ्यात दिव्य काय आहे ते मला अजून सापडायचंय. सापडलं तर कळवीन. मी अर्जात लिहिलं की माणूस कसा आहे ते पाटीवर लिहूच नका, रस्ता कसा आहे ते लिहा. ‘उताराचा रस्ता’ एवढं पुरे. बाळंतीण येईल, म्हातारा येईल, मी येईन.

अर्ज टाकला आणि रागाबरोबर विसरले. सरकारी कागद इतक्या लवकर हलेल असं मला वाटलं नव्हतं. हलला. कोणी एक तरुण साहेबीण आल्या होत्या, त्यांनी तो मनावर घेतला. सगळ्या अकरा पाट्या बदलायचं ठरलं. मोठ्या अक्षरांत ‘उताराचा रस्ता’ आणि नियमाला धरून खाली बारीक ‘दिव्यांग’. काम अर्थातच ज्याने पाट्या रंगवल्या त्यालाच मिळालं.

दादा स्वतः बोरगावला आला सांगायला. गोरसपाकाचं बिस्किट चहात बुडवून खाताना त्याने पिशवीतून नवीन नमुना काढला. या वेळी स्वच्छ, रंगीत छापलेला होता. पुढे झुकलेला माणूस, हात मागे, चाक जोरात फिरतंय.

“चांगलं हाय,” तो म्हणाला. “गाडी पळून राह्यली.” मग चष्मा वर करून त्याने पुन्हा पाहिलं. “याच्यात मांगं कोणीच नाई वं.”

मी कप धुवायला वळले. पाठमोरी असतानाच म्हटलं, “नसेल.”

“त मंग मले पुसा लागते. अकराच्या अकरा ठिकाणी.”

सांगायला हवं होतं त्याच क्षणी. ढकलणारा पुसा असं मीच लिहून दिलंय, दादा. पण मला तो चिखलाचा रस्ता दिसला, हातात चप्पल घेतलेला मुलगा दिसला, आणि मी धुतलेलाच कप पुन्हा धुवायला घेतला. मी घाबरट आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्याला वाटलं असतं की बहिणीला आपली पाच वर्षं नको झाली. तसं अजिबात नव्हतं, पण ते कसं समजवायचं ते मला येत नव्हतं.

दहा पाट्या होईपर्यंत मी तिकडे फिरकले नाही. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. आज केळझरची झाली, आज बसस्टँडजवळची झाली. मी “बरं” म्हणायची. अकरावी त्या चौकीदाराच्या कार्यालयातली. त्या सकाळी फोन आला, “येजो आज. पुढं झुकलेला माणूस नीट बसून नाई राह्यला. खांदा चुकते. तू बसून दाखव.”

मी गेले. दादाने पाटीवर पांढऱ्याचा पहिला कोट मारला होता. पण पांढऱ्या रंगाचं असं असतं की पहिल्या कोटात खालचं झाकत नाही. वेण्या दिसत होत्या, आणि मागचा मुलगा तर चांगलाच दिसत होता. मी खुर्चीत पुढे झुकून बसले, हात चाकांवर. दादाने जुन्या वहीच्या पानावर पेन्सिलने माझा खांदा काढून घेतला. चौकीदार बाजूला उभा राहून पाहत होता, एकदम खूष.

“अर्ज तू केला न?” दादा पेन्सिल न थांबवता म्हणाला.

माझा झुकलेला खांदा सरळ झाला.

“काम सुरू कराले गेलो त फाइलीत लावला होता त्याईनं. नाव नाई वाचलं मी, अक्षर पाह्यलं. ते अक्षर मी शिकवेल हाय, गोठ्यात. मले ओळखू येत नाई का?” त्याने वही मिटली. “सांगतलं काऊन नाई?”

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

“वाटलंच न,” तो म्हणाला. “पह्यल्या दिवशी जेवलो नाई मी. वहिनीले इचार तुह्या.” थोडा वेळ तो ब्रशवरचा रंग निपटत राहिला. “मंग चौकीदारानं सांगतलं तुले उन्हात कसं थांबवलं ते. माह्या बोर्डापायी.”

चौकीदार खाली पाहू लागला. मला रडू आलं, आणि रडताना मी दादावरच ओरडले, “पाच वर्षं पुसली नाहीत मी तुझी! ती कशाने पुसतील?” त्याने वही बाजूला ठेवली. पहिला कोट वाळला का ते बोटाने पाहिलं आणि दुसरा मारायला घेतला. आधी वेण्या गेल्या. मग तो मुलगा गेला, पायापासून वर. हात त्याने सगळ्यात शेवटी झाकले.

रंग वाळेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, उतार चढून बघते. आज चौकीदार आडवा येणार नव्हता. निम्मा उतार मी झोकात चढले. पुढे मात्र तो जरा जास्तच उभा आहे, बांधणाऱ्याने घाई केली असावी. चाकं थांबली. मी दम घेतला, पुन्हा जोर लावला, खुर्ची तसूभर सरकली आणि अडली. मागे दादाच्या चपलांचा आवाज आला. मी मान आखडून घेतली, कारण आता पाठीला तो धक्का बसणार हे मला चाळीस वर्षांच्या सवयीने ठाऊक होतं.

धक्का बसला नाही. मी वळून पाहिलं. दादा दोन हात अंतरावर उभा होता, रंगाने माखलेले हात पाठीमागे धरून.

“ढकलू का?” त्याने विचारलं.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मला एकदम “हो” म्हणायचं होतं, पण तेवढ्यात म्हटलं, एवढी वर्षं अर्धी राहिलेली वाक्यं आहेत माझी. मग मी सावकाश सुरुवात केली. म्हटलं, दादा, आधी हात पूस, माझ्या खुर्चीला पांढरा रंग लागेल, आणि जोरात नको, दारापाशी उंबरा आहे, आणि ती पेरूवाली आठवते का तुला, अजून तिथेच बसते, मी देवळीला आले की तिच्याकडून अर्धा किलो घ्यायचेत, पण भाव मी करणार, आणि माझा भाव पटेपर्यंत तू गप उभं राहायचंस, कळलं? तर मग, हो, ढकल.

तो मान हलवत होता, खिशातलं फडकं काढून एकेक बोट पुसत होता, आणि माझं सगळं बोलून संपेपर्यंत थांबला होता.